पुढच्या मॉडेलचा साचा कापण्याआधी : घरगुती उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
रांजणगाव, चाकण, सुपे आणि देशात इतरत्र घरगुती विजेची उपकरणं बनवणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांचे उत्पादन-प्रमुख

स. न. वि. वि.

हे पत्र उपकरणांची रचना, साचे आणि दुरुस्ती या कामांत असलेल्या आम्हा काही जणांचं आहे. तुमच्याकडे चांगले डिझायनर आहेत, त्यांच्या कामाबद्दल आमची तक्रार नाही. तरीही घरात आलेली वस्तू वापरायला त्रासदायक आणि दुरुस्तीला महाग का निघते, याचं कारण डिझायनरच्या टेबलावर सापडत नाही. ते खर्चाच्या तक्त्यात, साच्याच्या वेळापत्रकात, शोरूममध्ये आणि तक्रारींच्या नोंदींत विखुरलेलं असतं. या चारही ठिकाणची माणसं आपापलं काम चोख करतात. पण वस्तू सहा-सात वर्षं वापरणाऱ्याच्या बाजूने बोलायला त्यांतल्या एकाही बैठकीत कोणी नसतं. चांगलं डिझाइन अवघड होतं ते इथे. या चारही बैठका तुमच्या हाताखाली होतात, म्हणून पत्र तुम्हाला.

उदाहरणाला एकच वस्तू धरू : दोन-तीन हजार रुपयांची, एका कॉइलची इंडक्शन शेगडी.

तिच्यावर बासुंदीचं दूध आटवायला ठेवा. २०० वॅट निवडलं की पॅनेलवर २०० दिसतात, पण पातेल्याला सलग २०० वॅट मिळत नाहीत. या शेगडीत एकच आयजीबीटी, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. कॉइल (काचेखालचं तारेचं वेटोळं) आणि तिला जोडलेला साधारण ०.३ मायक्रोफॅरडचा रेझोनन्स कपॅसिटर (वीज साठवून सोडणारा भाग) यांच्या तालावर तो सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा चालू-बंद होतो. पॉवर फार कमी केली, तर पुन्हा चालू होण्याच्या क्षणी त्याच्यावरचं व्होल्टेज शून्यापर्यंत उतरलेलं नसतं आणि तो नको तितका तापतो. त्यामुळे स्वस्त बोर्डांना साधारण ८०० ते १,००० वॅटच्या खाली सलग चालताच येत नाही. मग फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम, सरासरी साधतं : दोन सेकंद १,००० वॅट, आठ सेकंद पूर्ण बंद. पाणी गरम करायला हे चालतं. बासुंदी, पुरण, खीर यांना चालत नाही, कारण त्या दोन सेकंदांत पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्याचा तळ पूर्ण आच खातो आणि पदार्थ धरतो. बाई ढवळत राहतात आणि शेवटी पातेलं गॅसवर नेतात. दोन आयजीबीटींचा हाफ-ब्रिज बोर्ड घेतला तर पॉवर बरीच खालपर्यंत सलग उतरते, पण एक आयजीबीटी आणि त्याला चालवणारा ड्रायव्हर वाढतो. तेवढी ऐपत नसेल तर चालू-बंदचं चक्र आखूड करता येतं. तो फक्त फर्मवेअरचा बदल आहे आणि त्यानेही पुष्कळ फरक पडतो.

तपमानाचंही असंच. पॅनेलवर १८० अंश दिसतं ते तेलाचं तपमान नसतं. कॉइलच्या मधोमध, काचेच्या खालून टेकवलेला एक छोटा थर्मिस्टर काचेचं तपमान सांगतो. तेल आणि थर्मिस्टर यांच्यामध्ये पातेल्याचं बूड, त्याखालची हवेची फट आणि जाड काच असते. बूड जरा वाकलेलं असलं की अंतर आणखी वाढतं. पहिल्या घाण्याच्या पुऱ्या काळ्या आणि दुसऱ्या घाण्याच्या तेलकट होतात, त्याचं हे कारण. पॅनेलवर अंश दाखवण्याऐवजी मंद, मध्यम, मोठी अशा पायऱ्या दाखवल्या, तर यंत्राला जेवढं कळतं तेवढंच ते सांगेल.

आता पॅनेल. स्वयंपाकात हात ओला असतो, पिठाचा असतो, तेलाचा असतो. टच पॅनेल बोटामुळे बदलणारी कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजतं, आणि पाण्याचा थेंबही ती बदलतो. दूध उतू गेलं की काचेवरच्या ओघळामुळे एक तर नको ते बटण दाबलं जातं किंवा पॅनेल अडकतं. शेगडी तातडीने बंद करायची असते ती नेमकी याच वेळी. हे माहीत असूनही टच का येतं? कारण ते स्वस्त आहे. टचची एक कळ म्हणजे बोर्डावर तांब्याची एक जागा आणि काचेला टेकणारी एक स्प्रिंग. फिरवायच्या नॉबला एनकोडर (किती फिरवलं ते मोजणारा भाग) लागतो, नॉब लागतो, दांड्याभोवती पाणी अडवणारं सील लागतं, आणि काचेला भोक पाडणं टाळायचं तर पुढे वेगळी प्लॅस्टिकची पट्टी लागते. म्हणजे आणखी एक साचा. शिवाय दुकानातल्या दिव्यांखाली अखंड काळी काच महागडी दिसते. खर्चाचा तक्ता आणि शोरूम अशी दोन्ही मतं टचला पडतात. ओल्या हाताचं मत मोजलंच जात नाही.

आमचं म्हणणं टच काढून टाका असं नाही. बंद करण्याची कळ तेवढी वेगळी ठेवा : पुढच्या कडेला, खरोखर दाबली जाणारी. बाकीच्या कळांना पाणी ओळखणारी गार्ड पट्टी द्या. बोर्डावर तांबं आहेच, ती आखायला जवळपास काही लागत नाही, फक्त बोर्ड आखणाऱ्याला आधी सांगावं लागतं.

डोसा, करी, दूध, चपाती अशा आठ-दहा तयार कळांबद्दल थोडक्यात. बहुतेकांच्या मागे ठरलेले वॅट आणि ठरलेला वेळ यापलीकडे काही नसतं. पातेल्यात अर्धा लिटर दूध आहे की दोन लिटर, हे शेगडीला कळत नाही. घरोघरी या कळा आठवडाभर वापरून सुटतात आणि पुढे फक्त कमी-जास्त आणि बंद एवढंच उरतं. तरी त्या राहतात, कारण वेबसाइटवरच्या तुलनेच्या तक्त्यात सहाच्या शेजारी दहा लिहिलेलं असलं की दहा जिंकतं. आच किती सलग आहे, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. टीव्हीच्या रिमोटवरची ओटीटी कंपन्यांच्या नावाची बटणंही अशीच आली. त्या जागेचे पैसे मिळतात, आणि आवाज बंद करायचं बटण अंधारात चाचपडून शोधावं लागतं.

या साऱ्याच्या मुळाशी असलेली अडचण आम्हाला ठाऊक आहे, कारण ती रोज हाताळावी लागते. पुष्कळ ब्रँडांची शेगडी आतून एकच असते. बोर्ड, कॉइल आणि फर्मवेअर तयार विकत येतं, ब्रँडचं म्हणून जे असतं ते कवच, काचेवरची छपाई आणि खोकं. तुमच्या डिझायनरने चालू-बंदचं चक्र आखूड करायला सांगितलं, तरी फर्मवेअर पुरवठादाराच्या ताब्यात असतं, आणि बदल हवा असेल तर तो काही हजार नगांची किमान ऑर्डर मागतो. पुरवठादाराची यात चूक नाही, कारण तो एकाच बोर्डावर दहा गिऱ्हाइकं सांभाळतो. पण करार करतानाच वॅटच्या पायऱ्या, चक्राची लांबी, बीपचा आवाज आणि एरर कोड यांचा तक्ता आम्ही बदलू शकू, अशी अट घालता येते. सोर्स कोड मागायची गरज नाही, तक्ता पुरतो. ही अट खरेदी विभाग घालत नाही, कारण त्याला ती कोणी सांगितलेली नसते.

किमतीचं गणितही तितकंच कडक आहे. कारखान्यात वाढलेले दहा रुपये दुकानात साधारण दुप्पट होऊन उगवतात : वितरक आणि डीलर यांचा नफा, वाहतूक, वॉरंटीची तरतूद आणि वर १८ टक्के जीएसटी. २,४९९ च्या जागी २,५४९ झाले की डीलर शेजारचा ब्रँड पुढे करतो. त्यामुळे प्रत्येक रुपया वाचवला जातो, आणि दिसणारी गोष्ट कापली जात नसल्याने कात्री न दिसणाऱ्या गोष्टीला लागते.

कपॅसिटर ही अशी न दिसणारी गोष्ट. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या माहितीपत्रकात आयुष्य १०५ अंशांवर २,००० तास असं लिहिलेलं असतं. ढोबळ नियम असा, की तपमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. त्याच्या आसपास ८५ अंश असतील तर ८,००० तास, ६५ अंश असतील तर ३२,००० तास. शेगडी रोज तीन तास चालली तर पहिला सात वर्षं, आणि दुसरा तर घराच्या पिढीला पुरेल. भाग तोच, किंमत तीच. फरक एवढाच, की तो हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) खेटून बसला आहे की दोन-तीन सेंटिमीटर दूर, पंख्याच्या थंड हवेच्या वाटेत. हा बदल फुकट आहे, पण तो बोर्ड आखताना करावा लागतो. कवच आधी ठरलं, त्यात बसेल एवढा बोर्ड नंतर आला, की फुकटची गोष्टही मिळत नाही.

दुसरं उदाहरण शेगडीबाहेरचं : ट्रान्सफॉर्मर न लावता एका एक्स-टू कपॅसिटरवर (थेट घरच्या विजेला जोडता येणाऱ्या कपॅसिटरवर) चालणारे छोटे कंट्रोल बोर्ड. ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर सुमारे ३४ मिलिअँपिअर देतो. बारा व्होल्टच्या, ४०० ओहम कॉइलच्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) ३० लागतात, म्हणजे हातात जेमतेम चार उरतात. हा कपॅसिटर विजेचे झटके स्वतःवर घेतो आणि प्रत्येक झटक्यागणिक त्याच्यातला कणभर धातूचा थर जळून जातो. तो ०.२५ पर्यंत उतरला की १८ मिलिअँपिअरच मिळतात, आणि रिले नुसता टकटक करत राहतो. कपॅसिटर दहा-वीस रुपयांचा. पण सर्व्हिस सेंटरच्या यादीत सुटा कपॅसिटर नसतो, पूर्ण बोर्ड असतो, म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात हजार-दीड हजाराचं बिल पडतं. सुरुवातीलाच ०.६८ चा घेतला असता तर काही वर्षांची बेगमी झाली असती. जादा करंट खपवायला झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड) थोडा मोठा लागतो, इतकंच.

आता वेळापत्रक. आमच्या मते सगळ्यांत मोठा अडथळा हाच आहे, आणि त्याच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

विक्रीचा मोसम दिवाळीचा. त्यासाठी माल गणपतीच्या सुमाराला डीलरकडे पोचावा लागतो, म्हणजे उत्पादन जुलैत सुरू व्हावं लागतं. मध्यम आकाराच्या इंजेक्शन साच्याला पोलाद कापण्यापासून पहिला नमुना निघेपर्यंत सहा ते दहा आठवडे लागतात. पुढे दुरुस्त्या, पृष्ठभागाचा पोत, दुसरी-तिसरी चाचणी. हिशेब उलटा मोजत गेलं की आकार फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्का करावाच लागतो. त्या वेळी मागच्या दिवाळीचं मॉडेल घरांत चार-पाच महिनेच चाललेलं असतं, तेही कोरड्या हवेत. त्याची खरी परीक्षा जूनपासून पुढे असते. दमट हवा, वीज जाणं-येणं, कमी-जास्त व्होल्टेज, आणि झुरळं. झुरळाला ऊब लागते, आणि रात्री ओट्यावर ऊब असते ती शेगडीच्या पोटात. आयजीबीटीच्या पायांमध्ये काही मिलिमीटरच अंतर असतं. तिथे झुरळ किंवा त्याची घाण आडवी आली, वर हवेतला ओलावा, की शॉर्ट. तक्रार जुलै-ऑगस्टमध्ये नोंदली जाते. तोवर नवं मॉडेल असेंब्ली लाइनवर चढलेलं असतं. म्हणजे या दिवाळीच्या मॉडेलला फार तर मागच्या पावसाळ्याची माहिती मिळालेली असते, आणि ती दोन दिवाळ्यांपूर्वीच्या मॉडेलची. मधल्या मॉडेलची चूक जशीच्या तशी पुन्हा साच्यात उतरते.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बसतात. पहिला म्हणजे ४० अंश आणि ९३ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये दहा दिवस. ही प्रमाणित चाचणी आहे, चेंबर भाड्यानेही मिळतं. ती सुरक्षिततेच्या प्रमाणपत्रापुरती न करता, त्या दहा दिवसांत शेगडी रोज चालवून करा. दुसरा उपाय चेंबरमध्ये होत नाही. वॉरंटीत बदलून दिलेल्या पन्नास शेगड्या भंगारात टाकण्याआधी उघडा. कुठे काळं पडलंय, कुठे तेलकट धूळ साचली आहे, झुरळ कुठून शिरलं, हे डिझायनर, टूलरूम (साचे बनवणारा विभाग) आणि खरेदी या तिघांनी एका टेबलावर बसून पाहावं. सर्व्हिसच्या संगणकात नोंद असते ती ‘बोर्ड बदलला’ एवढीच. दोन शब्दांतून कोणीच काही शिकू शकत नाही. मेकॅनिककडून प्रत्येक बदललेल्या बोर्डाचा एक फोटो आणि जळालेल्या भागाचा क्रमांक मागवा, आणि त्या दोन मिनिटांचे त्याला पैसे द्या. दर कॉलमागे मोबदला ठरलेला असताना तो फुकट लिहीत बसणार नाही.

झुरळांवर जाळीच्या फटी बारीक करणं हा सरळ उपाय वाटतो, पण तो पुरत नाही. मोठं झुरळ अडेल, लहान जातीचं दीड मिलिमीटरच्या फटीतूनही शिरतं, आणि तेवढी बारीक जाळी फोडणीच्या वाफेने महिन्याभरात बुजते. हवा अडली की आयजीबीटी तापतो, म्हणजे एक दुखणं जाऊन दुसरं आलं. म्हणून फटी मध्यम ठेवा, उच्च व्होल्टेजचा भाग फटींपासून लांब ठेवा, आयजीबीटीच्या पायांमध्ये बोर्डाला खाच पाडा आणि त्या भागावर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओलावा अडवणारा पातळ लेप) द्या. साच्याबाबत एक गोष्ट इथे ध्यानात ठेवावी. प्लॅस्टिकमधली फट म्हणजे साच्यातलं उभं पोलाद. ते घासून फट अरुंद करणं सोपं, पण रुंद करायची तर पोलाद भरावं लागतं, वेल्डिंग आलं, वेळ गेला. पहिल्या साच्यात फटी थोड्या जास्त रुंद ठेवा, चाचणीनंतर अरुंद करा. उलट्या क्रमाने गेलात तर मे महिन्यात कोणी बदल करू देणार नाही.

शेगडी बंद केल्यावर आतला पंखा मिनिटभर फिरतो, कॉइल थंड करायला. आपल्याकडे घरात लहान मूल असलं की माणसं भिंतीवरचं बटण लगेच बंद करतात, आणि ती सवय योग्यच आहे. तिथेच पंखा थांबतो आणि काचेची, कॉइलची उष्णता आत मुरते. ‘पंखा थांबेपर्यंत बटण बंद करू नका’ हे वाक्य पुस्तिकेच्या अकराव्या पानावर नको, प्लगच्या वायरवरच्या पट्टीवर हवं, मराठीत, आणि ज्या राज्यात माल जातो तिथल्या भाषेत. एरर कोडचंही तेच. पातेलं नाही, व्होल्टेज कमी, पंखा अडकला, आत जास्त तापलं : चार ओळी शेगडीच्या तळाला छापल्या तर निम्म्या वेळा मेकॅनिक बोलवावा लागणार नाही.

भारतीय वापर समोर ठेवून रचना केली की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच घरांत आहे. परदेशी मिक्सर ओला नारळ आणि भिजवलेली डाळ वाटताना मान टाकत. त्यावर १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या वाटणाचा भार पेलेल अशी मोटर आणि भांडी बनवली, तो सुमीत मिक्सर. काय वाटायचं आहे हे आधी ठरलं, मोटर नंतर आली. इंडक्शन शेगडी मात्र बाहेरून जशी आली तशीच आपल्या ओट्यावर ठेवली गेली, काचेवरची अक्षरं तेवढी बदलली.

नियमांची दिशाही तुम्ही पाहत असालच. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटचे महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षं पुरवणं बंधनकारक आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी समिती नेमली. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) प्रमाणपत्रं शॉक लागणार नाही, आग लागणार नाही हे पाहतात, आणि ते अत्यावश्यकच आहे. पण खीर धरणार नाही, हे पाहणारं मानक नाही. ते काम तुम्हालाच करावं लागेल.

तेव्हा मागणी स्पष्ट लिहितो. पुढचा आकार पक्का करण्याआधी दहा घरांत तीन आठवडे चाचणी घ्या. जुन्या मॉडेलच्या, प्रमाणित कवचात नवा बोर्ड बसवा, पॅनेलचा थ्री-डी छापील नमुना वेगळा द्या. त्या घरांत एकटं राहणारं कोणी असावं, सत्तरीच्या आजी असाव्यात, आणि जिथे संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येतं असं एखादं गावातलं घर असावं. बोर्ड १६० आणि २७० व्होल्टवर पूर्ण भाराने चालवून पाहा. न्यूट्रल तुटून ४०० व्होल्ट आले तर व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा भाग) आणि फ्यूज जावेत, बाकी बोर्ड वाचावा, आणि तो फ्यूज सोल्डर केलेला नसून होल्डरमध्ये असावा. कवच चार स्क्रूंनी उघडावं, त्यांतला एकही लेबलखाली लपलेला नसावा. पंखा, थर्मिस्टर, आयजीबीटी, दोन मोठे कपॅसिटर, फ्यूज आणि पॅनेलची पट्टी या सहा गोष्टी सुट्या, किमतीसह, सात वर्षं मिळाव्यात, आणि त्या तुमच्या सर्व्हिस सेंटरबाहेरच्या मेकॅनिकलाही मिळाव्यात.

आणि ज्या बैठकीत साच्याला मंजुरी मिळते, त्या बैठकीला सर्व्हिसमधला एक माणूस बसवा. त्याला नुसतं ऐकायला बोलावू नका. त्याची सही झाल्याशिवाय पोलाद कापलं जाऊ नये.

चाचणीचे तक्ते, पन्नास शेगड्या उघडताना काय पाहायचं याची यादी आणि मेकॅनिकसाठी एका पानाचा नोंदीचा नमुना आमच्याकडे तयार आहे. जी कंपनी मागेल तिला आम्ही हे सगळं विनामूल्य देऊ. मार्चची तारीख लक्षात घेता, दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात कळवलंत तर काम वेळेत बसेल.

कळावे,

आपले,
उत्पादन-रचना, टूलिंग आणि दुरुस्ती या क्षेत्रांत काम करणारे काही जण